ट्रेनिंग मॅनेजर व्हायचंय? आधी लाइनवर उभे राहा

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर होते, तिथून ट्रेनिंगकडे आले. या कामाबद्दल कुणी विचारलं की मी आधी एकच सांगते: निदान दोन वर्षं उत्पादनात काढा. टॉर्क रेंच, म्हणजे नट-बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना, कधी हातात न धरलेल्या माणसाचं ऑपरेटर ऐकून घेतात, पण मानत नाहीत.

पदवी कुठलीही चालते. एचआरमधलं एमबीए असेल तर बोलावणं लवकर येतं. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटचा डिप्लोमा बघा.

खरं कसब लागतं ते गरज ओळखायला. ‘पोरांना वेल्डिंगचं ट्रेनिंग द्या’ अशी मागणी आली की मी रिजेक्शनची नोंदवही मागवते आणि तिन्ही शिफ्टला जाऊन उभी राहते. एकदा बाद माल निघत होता तो फक्त रात्रपाळीत. मुलांना वेल्डिंग उत्तम येत होतं. वेल्डिंग करताना भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा क्लॅम्प झिजला होता आणि रात्री मेंटेनन्सला कुणी नसायचं. तिथे वर्ग घेतला असता तर त्या पोरांवर अन्याय झाला असता.

शिकवताना करून दाखवा, करून घ्या, आणि असंच का करायचं ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

ट्रेनिंगचा उपयोग किती झाला ते मोजायला अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडायला घेतलेल्या चार पायऱ्या समजून घ्या: प्रतिसाद, शिकणं, वागणं, परिणाम. बरेच जण फीडबॅक फॉर्म भरून घेऊन पहिल्याच पायरीवर थांबतात. तुम्ही महिन्याने परत लाइनवर जा आणि त्याच माणसाशेजारी तासभर उभे राहून बघा.