लांबलचक घरगुती व्हिडिओ डिस्कवर उतरवताना येणारी मेमरीची अडचण

तीन तासांचा घरगुती व्हिडिओ डीव्हीडीवर उतरवायला घ्यावा, संगणक रात्रभर चालू ठेवून निजावे आणि सकाळी पडद्यावर ‘पुरेशी मेमरी उपलब्ध नाही’ एवढी एकच ओळ दिसावी, हा अनुभव जुन्या टेपांचे डिजिटल रूप करून ठेवणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी येतो. अशा वेळी पहिला विचार रॅम वाढवण्याचा सुचतो. मलाही तोच सुचला होता. ८ जीबीची रॅम १६ जीबी केली, आणि तेच काम त्याच ६७ टक्क्यांवर पुन्हा अडले. ती रॅम वाया गेली असे नाही, पण या दुखण्यावरचे औषध ते नव्हते.

डिस्क बर्न करणे या क्रियेला मुळात फारशी मेमरी लागत नाही. तयार झालेली फाइल हार्ड डिस्कवरून थोडीथोडी वाचायची आणि छोट्या बफरमधून (तात्पुरत्या साठ्यातून) ड्राइव्हकडे पाठवायची, एवढेच तेव्हा चालते. मेमरी खाणारे काम त्याआधीचे असते, ते म्हणजे मूळ व्हिडिओ उलगडून त्याचे डीव्हीडीला चालणाऱ्या एमपेग-२ स्वरूपात रूपांतर करणे. या दोहोंच्या मध्ये मेनू, प्रकरणे आणि फोल्डरांची रचना तयार करण्याचा, म्हणजे ऑथरिंगचा टप्पा येतो. ‘सगळे एका बटणावर’ करणारी सॉफ्टवेअर हे तिन्ही टप्पे एका दमात उरकू पाहतात आणि लांब व्हिडिओच्या ओझ्याखाली मोडतात. म्हणून खाली सांगितलेल्या बहुतेक उपायांचा गाभा हे टप्पे वेगळे करणे हाच आहे.

आधी नेमके काय भरले ते पाहावे

बोलताना आपण फोनची साठवणही ‘मेमरी’ म्हणतो आणि संगणकाची रॅमही ‘मेमरी’च म्हणतो, काही सॉफ्टवेअरचे संदेशही तितकेच मोघम असतात. त्यामुळे काम पुन्हा सुरू करून टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती मेमरी वापरतो ते दाखवणारी विंडोजमधील सोय) उघडा ठेवावा. त्यातील ‘डिटेल्स’ या पानावर स्तंभांच्या नावांवर उजवी क्लिक करून ‘कमिट साइज’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ हे दोन स्तंभ जोडावेत. पहिल्यात त्या प्रोग्रामने किती मेमरी मागून घेतली आहे ते दिसते आणि दुसऱ्यात तो ३२-बिट आहे की ६४-बिट.

प्रोग्राम ३२-बिट असेल आणि त्याचा आकडा दीड-दोन जीबीच्या आसपास पोचून काम कोसळत असेल, तर निदान झाले असे समजावे. विंडोजमध्ये ३२-बिट प्रोग्रामला एरवी २ जीबीपेक्षा जास्त मेमरी हाताळता येत नाही. त्याची तशी खास तजवीज केलेली असेल तर ६४-बिट विंडोजवर हीच मर्यादा ४ जीबी होते. संगणकात ८ जीबी रॅम असो की ६४ जीबी, त्या प्रोग्रामचे घर तेवढेच राहते. शिवाय घर पूर्ण भरायच्या आधीही अडचण येते, कारण तासन्‌तास जागा घेऊन-सोडून मोकळ्या जागेचे तुकडे पडतात आणि एखाद्या मोठ्या चित्रासाठी सलग जागा हवी असली की ती सापडत नाही. दीड जीबीवरच काम का थांबले, या कोड्याचे उत्तर बहुधा यात असते. येथे व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅमला पूरक म्हणून वापरलेली हार्ड डिस्कवरील जागा, वाढवूनही उपयोग होत नाही. त्याच सॉफ्टवेअरची ६४-बिट आवृत्ती असल्यास ती बसवावी. नसल्यास पुढे सांगितल्याप्रमाणे कामाचे तुकडे पाडावेत.

याउलट प्रोग्राम ६४-बिट असेल, त्याचा आकडा चढतच असेल आणि सगळा संगणकच मंदावत असेल, तर अडचण एकूण मेमरीची आहे. विंडोज सर्व प्रोग्रामना मिळून जेवढी मेमरी देऊ शकते ती रॅम आणि पेज फाइल (डिस्कवरील हीच पूरक जागा) यांची बेरीज असते. संगणक वेगवान व्हावा म्हणून कोणाच्या तरी सल्ल्यावरून पेज फाइल बंद केलेली असेल, तर ती आधी चालू करावी. प्रगत सिस्टिम सेटिंगमधील ‘परफॉर्मन्स’च्या खाली ‘व्हर्च्युअल मेमरी’ हा पर्याय असतो; तेथे आकार विंडोजलाच ठरवू द्यावा आणि त्या ड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी ठेवावी. ब्राउझर बंद करणे हा त्याहून साधा उपाय, पण तो सर्वांत उशिरा आठवतो.

छायाचित्रे आणि फोनचे व्हिडिओ

व्हिडिओच्या लांबीवर सगळा ठपका ठेवणे बरोबर नाही. नीट लिहिलेला रूपांतरक एका वेळी मोजक्याच फ्रेम मेमरीत ठेवतो, मग व्हिडिओ दहा मिनिटांचा असो वा दहा तासांचा. खरा भार अनेकदा व्हिडिओच्या सुरुवातीला किंवा शेवटी हौसेने जोडलेल्या छायाचित्रांचा असतो. १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र डिस्कवर चार-पाच एमबीचे दिसते. पण ते उघडताना त्याच्या ४००० गुणिले ३००० बिंदूंपैकी प्रत्येकाला सामान्यतः ४ बाइट लागतात, म्हणजे मेमरीत ते ४८ एमबी होते. अशी पन्नास छायाचित्रे एका ओळीत लावली आणि सॉफ्टवेअरने ती सगळी उघडून ठेवली, तर २.४ जीबी लागतात आणि ३२-बिट प्रोग्राम तेथेच गुडघे टेकतो. माझे ते ६७ टक्क्यांवरचे घोडे अडले होते ते याच कारणाने: टेप संपून छायाचित्रांची मालिका नेमकी तेथे सुरू होत होती.

डीव्हीडीवरील चित्र टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० गुणिले ५७६ आणि एनटीएससी पद्धतीत ७२० गुणिले ४८० बिंदूंचे असते, त्यामुळे १२ मेगापिक्सेलमधील बहुतांश तपशील डिस्कवर पोचतच नाही. सर्व छायाचित्रांच्या प्रती आधीच १९२० गुणिले १०८० च्या चौकटीत बसतील एवढ्या लहान करून घ्याव्यात. अशी एक प्रत मेमरीत जास्तीत जास्त ८.३ एमबी घेते, आणि चित्र हळूहळू जवळ आणण्याचा परिणाम द्यायचा असला तरी एवढा आकार पुरतो. मूळ छायाचित्रांना हात लावू नये.

फोनवरील ४के व्हिडिओचेही असेच आहे. त्याची एक उलगडलेली फ्रेम ४ बाइटांच्या हिशेबाने ३३ एमबी भरते, म्हणजे पाल डीव्हीडीच्या फ्रेमच्या वीसपट, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाण्याचा परिणाम दिला की दोन्ही बाजूंच्या फ्रेम एकाच वेळी लागतात. हार्डवेअर अॅक्सलरेशन (व्हिडिओचे काम ग्राफिक कार्डाकडून करून घेण्याचा पर्याय) चालू असेल तर हा भार ग्राफिक कार्डाच्या मेमरीवर पडतो, आणि ती रॅमपेक्षा बरीच कमी असू शकते. टास्क मॅनेजरमध्ये रॅम निवांत दिसत असूनही मेमरीचा संदेश येत असेल, तर हा पर्याय बंद करून पाहावा. काम सावकाश होईल, पण पूर्ण होण्याची शक्यता वाढेल.

तुकडे पाडून काम करणे

सर्वांत भरवशाचा मार्ग असा. संपूर्ण व्हिडिओ २० ते ३० मिनिटांच्या भागांत विभागावा, आणि कापण्याची जागा घड्याळ पाहून न ठरवता प्रसंग बदलतो तेथे ठरवावी. कारण डिस्कवर एका भागातून पुढच्या भागात जाताना काही प्लेअर क्षणभर थांबतात आणि बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच तुटले तर ते कानाला खटकते. मग एफएफएमपेग किंवा तशाच एखाद्या ६४-बिट रूपांतरकाने एकेक भाग वेगवेगळा एमपेग-२ मध्ये बदलावा. एक भाग झाला की प्रोग्राम बंद होतो आणि त्याने घेतलेली सगळी मेमरी परत मिळते, हा तुकडे पाडण्याचा खरा लाभ. एखादा भाग बिघडलाच तर पुन्हा करायचे काम अर्ध्या तासाच्या व्हिडिओपुरते असते, तीन तासांचे नव्हे.

मात्र सर्व भागांची सेटिंग तंतोतंत एकच असली पाहिजे: चित्राचा आकार, दर सेकंदाच्या फ्रेम आणि ध्वनीचा ४८ किलोहर्ट्झचा नमुनादर. फोनवरील व्हिडिओत फ्रेमची गती बऱ्याचदा कमीजास्त होत असते. ती या टप्प्यावर स्थिर करून घ्यावी, नाहीतर पुढे ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती खर्चायची याचा, हिशेब मात्र तुकड्याच्या नव्हे, एकूण लांबीच्या आधारे करावा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट मावतात. विंडोज हीच क्षमता ४.३८ जीबी दाखवते आणि त्यात डिस्क सदोष असल्याचा भाग नसतो. दोन तासांचे सेकंद ७,२००, म्हणजे प्रति सेकंद ५.२ मेगाबिट वाट्याला येतात. त्यातून ध्वनी आणि रचनेचा वरखर्च वजा करून चित्रासाठी ४.८ धरावेत. तीन तासांना हाच आकडा जेमतेम ३.१ वर येतो, आणि हलत्या हाताने घेतलेल्या, अपुऱ्या उजेडातल्या चित्रणात तेवढ्यावर चौकोनी ठिपके दिसू लागतात. अशा वेळी दोन डिस्क कराव्यात किंवा ८.५ अब्ज बाइटांची दोन थरांची डिस्क घ्यावी, असे माझे मत आहे. ध्वनी असंकुचित पीसीएममध्ये ठेवू नये. तो एकटाच सेकंदाला दीड मेगाबिट घेतो, तर एसी-३ या संकुचित स्वरूपात १९२ किंवा २२४ किलोबिटांत घरगुती आवाज व्यवस्थित राहतो.

सर्व भाग तयार झाले की ते डीव्हीडीस्टायलरसारख्या ऑथरिंगच्या प्रोग्राममध्ये वेगवेगळे टायटल (डिस्कवरील स्वतंत्र भाग) म्हणून घालावेत आणि प्रत्येक टायटल संपल्यावर पुढचे सुरू व्हावे अशी सूचना द्यावी. फाइल आधीच योग्य स्वरूपात असल्यामुळे रूपांतर पुन्हा करू नये, हा पर्याय येथे आठवणीने निवडावा. तो राहिला तर प्रोग्राम तेच जड काम नव्याने करायला बसतो.

तात्पुरत्या फाइलींची जागा

डीव्ही टेपचे एका तासाचे चित्रण सुमारे १३ जीबी भरते, तेव्हा तीन तासांचा मूळ व्हिडिओच ३९ जीबींचा होतो. त्यावर एमपेग-२ चे भाग, डीव्हीडीचा फोल्डर आणि शेवटची इमेज फाइल (संपूर्ण डिस्कची एकाच फाइलीतली प्रत) असे प्रत्येकी साडेचार जीबींपर्यंतचे तीन संच तयार होतात. म्हणून मूळ व्हिडिओ सोडून किमान २० जीबी मोकळी असलेली जागा तात्पुरत्या फोल्डरसाठी नेमून द्यावी. ती जागा फॅट३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर नसावी, कारण तेथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. अडलेल्या फाइलचा आकार बरोबर ४ जीबीपाशी थबकलेला दिसला तर रॅमच्या मागे लागू नये. ड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट करावा. तसे करताना त्यावरील सर्व माहिती पुसली जाऊ शकते, म्हणून ती आधी दुसरीकडे हलवावी.

प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी कोसळत असेल तर

काम दर वेळी त्याच क्षणापाशी थांबत असेल तर त्या जागेचा व्हिडिओ किंवा छायाचित्र सदोष अथवा फार जड असते. एकदा २० टक्क्यांवर, एकदा ८० वर आणि दर वेळी निराळ्या संदेशासह थांबत असेल, तर संशय रॅमच्या पट्टीवर घ्यावा. तासन्‌तास चालणारे रूपांतर तिची जशी परीक्षा पाहते तशी रोजची कामे पाहत नाहीत. मूळ मोठ्या फाइलचा चेकसम (फाइलमधील माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लागोपाठ चार-पाच वेळा काढावा. तो एकदाही वेगळा आला तर यंत्रातच दोष आहे. त्यानंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा आणि चूक दिसल्यास एकेक पट्टी काढून तपासावे. रॅम बायॉसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवली असेल तर तो वेग आधी उतरवावा.

शेवटी बर्न करणे

ऑथरिंगच्या प्रोग्रामला थेट डिस्क लिहायला न सांगता आयएसओ इमेज तयार करून घ्यावी. ती व्हीएलसीमध्ये उघडून प्रत्येक टायटलचा आरंभ, शेवट आणि मधला एखादा भाग पाहावा. चूक सापडली तर डिस्क वाया जात नाही. मग इमेज ४एक्स किंवा ८एक्स वेगाने बर्न करावी आणि लिहून झाल्यावर पडताळणी करण्याचा पर्याय चालू ठेवावा. ४एक्सला पूर्ण डिस्क लिहायला साधारण पंधरा मिनिटे लागतात, आणि पडताळणीला त्यावर आणखी काही मिनिटे. डिस्क दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर शेवटच्या टायटलपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय ३९ जीबींचा मूळ व्हिडिओ पुसू नये.