गिरगावचा इतिहास शोधायचाय? आधी झाडं बघा

रविवारी सकाळी सातच्या आत निघा, उशीर केलात तर गाड्या लागतात आणि बुंधे दिसतच नाहीत. सोबत शिवणकामाची टेप, फोन, पाण्याची बाटली, बास.

सुरुवात पाट्यांपासून करा. फणसवाडी, बोरभाट, थोडं लांब गेलात तर ताडदेव, चिंचपोकळी, झाडं कधीच गेली पण नावं राहिली. भाट म्हणजे लागवडीची जमीन, गोव्यात माडांच्या बागेला अजून भाटच म्हणतात, आणि चाळी यायच्या आधी गिरगावात माडांच्या वाड्याच होत्या. म्हणून चाळीमागे बुजवलेल्या विहिरीजवळ एखादा एकटा माड दिसला तर थांबा, तो स्वतः जुना नसेलही पण जागा जुनी असू शकते. माडाचा घेर मोजत बसू नका हां, तो वडासारखा वर्षानुवर्षं जाड होत जात नाही.

बाकी झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर मोजायचा. त्यावरून वय काढणं म्हणजे अंदाजपंचे, पण एकाच जातीची दोन झाडं शेजारी असतील तर कुठलं आधीचं असेल ते बऱ्यापैकी कळतं.

जात ओळखणं जास्त कामाचं. मला एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं की हा गुलमोहर शिवाजी महाराजांच्या काळातला, मी पण मान डोलावली आणि घरी येऊन बघतो तर गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला तोच एकोणिसाव्या शतकात 😅 पर्जन्यवृक्ष पण असाच परदेशी, अमेरिकेकडचा. हे दोन रस्त्याच्या कडेला ओळीने दिसले तर समजा कोणीतरी ठरवून लावलेत. वड-पिंपळाचं तसं नाही, तो पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीत पण उगवतो, त्यामुळे तिथे झाड नाही, पार बघायचा.

आणि पार म्हणजे नुसता फोटो काढायचा नाही, वाकून बघा. एका पाराला मला दीडच पायरी दिसली, खालची अर्धी डांबरात गेलेली, म्हणजे रस्ता तेवढा वर आलाय! तिथे बसणाऱ्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "अरे चार पायऱ्या होत्या, आम्ही खालच्या पायरीवर सागरगोटे खेळायचो." झाडाचं वय नाही विचारायचं, हे असलं विचारायचं.

जाता जाता बुंध्यावर चिकटवलेली नोटीस दिसली तर वाचा, झाड तोडायचं असेल तर तिथे कळतं. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, त्यामुळे जुने फोटो, लग्नाचे अल्बम कोणाकडे असतील आणि त्यात मागे झाड दिसत असेल तर लगेच स्कॅन करून ठेवा, झाडाच्या वयाचा पुरावा म्हणून कामी येईल.