घटनादुरुस्त्यांचा तक्ता पाठ करण्याआधी हे वाचा

ज्यांनी यंदाच राज्यसेवेचा अभ्यास सुरू केलाय त्यांच्यासाठी लिहितेय. पॉलिटीत, म्हणजे राज्यघटना आणि राज्यव्यवस्थेच्या विषयात, मुलं सगळ्यात जास्त वैतागतात ती घटनादुरुस्त्यांना, कारण क्लासच्या नोट्समध्ये एक लांबलचक तक्ता असतो, क्रमांक, वर्ष, काय बदललं, आणि शंभरच्या वर दुरुस्त्या, रात्री पाठ केल्या की आठवड्याभरात उडून जातात. तो तक्ता रिव्हिजनसाठी ठेवा. आधी बघा की ही दुरुस्ती करायची वेळ का आली.

पहिलीच घ्या ना, 1951 ची. मद्रासमध्ये कॉलेज प्रवेशात जातवार जागा होत्या, त्या सुप्रीम कोर्टाने चंपकम दोराईराजन केसमध्ये रद्द केल्या म्हणून मागासवर्गांसाठी खास तरतूद करू देणारं कलम 15(4) आलं, बिहारचा जमीनसुधारणा कायदा पाटणा हायकोर्टात टिकला नाही म्हणून अशा कायद्यांना कोर्टापासून वाचवणारी 31अ, 31ब आणि नववी अनुसूची. कारण कळलं की कलम आपोआप लक्षात राहतं. पुढची साखळी पण अशीच आहे, 1967 ला गोलकनाथमध्ये कोर्ट म्हणालं संसदेने दुरुस्ती करून मूलभूत हक्कांना हात लावायचा नाही, 1971 ला संसदेने 24 वी करून तो अधिकार परत घेतला, 1973 ला केशवानंद भारतीमध्ये 13 न्यायाधीशांनी 7 विरुद्ध 6 असं ठरवलं की दुरुस्ती करा पण घटनेची मूलभूत चौकट मोडायची नाही, मग 1976 च्या 42 वीने कलम 368 मध्येच, म्हणजे घटनादुरुस्तीच्याच कलमात, घालून टाकलं की दुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही, आणि 1980 ला मिनर्व्हा मिल्समध्ये तेही उडालं. हे एका दमात सांगता आलं पाहिजे.

42 आणि 44 कायम जोडीने वाचा, आणि सरकारी प्रतीतूनच वाचा, गाइडमधून नको. कलम 352 उघडा, राष्ट्रीय आणीबाणीचं. त्यात "सशस्त्र उठाव" असं आहे आणि खाली तळटीप आहे की हे शब्द 44 व्या दुरुस्तीने "अंतर्गत अशांतता" ऐवजी आले. 25 जून 1975 ची आणीबाणी याच अंतर्गत अशांततेच्या नावाखाली लागली होती, मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. म्हणून 1978 ला 44 वीने आलं की आणीबाणी लावण्याआधी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवलाच पाहिजे. आणि आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाणं थांबवू देणाऱ्या कलम 359 मध्ये 20 आणि 21 (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण, आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) ही कलमं सोडून असं का म्हटलंय? कारण 1976 ला एडीएम जबलपूर केसमध्ये 4 विरुद्ध 1 ने निकाल आला की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात जाता येत नाही, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात होते. मला आजही हे कलम वाचताना थांबायला होतं, माणसं तुरुंगात होती त्याची किंमत म्हणून ते शब्द तिथे आलेत. मालमत्तेचा हक्क पण 44 नेच मूलभूत हक्कांतून काढून 300अ मध्ये, साधा कायदेशीर हक्क म्हणून, टाकला.

42 ची सगळी दुरुस्ती रद्द झाली असं समजू नका हं. सरनाम्यातलं समाजवादी, धर्मनिरपेक्ष, 51अ मधली कर्तव्यं, शिक्षण आणि वनं समवर्ती सूचीत (ज्यावर केंद्र आणि राज्य दोघांना कायदे करता येतात), हे सगळं अजून आहे.

आपल्याकडचा एक ट्रॅप. महाराष्ट्र कितव्या दुरुस्तीने झाला असं विचारलं की मुलं पटकन 7 वी म्हणतात. 7 वी 1956 ची, राज्य पुनर्रचनेची. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला तो कलम 3 (नवीन राज्य बनवणं, सीमा बदलणं) खालच्या साध्या कायद्याने, आणि कलम 4 सांगतं की असा कायदा 368 ची दुरुस्ती मानायचा नाही. गोवा मात्र 1962 ला 12 वीने जोडला गेला.

अलीकडच्यांपैकी 102 आणि 105 बघा. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनेत जागा देणाऱ्या 2018 च्या 102 मुळे मागास वर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकार गेला असा अर्थ सुप्रीम कोर्टाने मे 2021 ला मराठा आरक्षणाच्या निकालात बहुमताने लावला, आणि त्याच वर्षी 105 वीने संसदेने तो राज्यांना परत दिला. मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेत, हे लिहिताना आपल्या राज्यातलं आहे म्हणून भावनेत वाहून जाऊ नका, 338ब (हा आयोग), 342अ (मागास वर्गांची यादी) आणि 366(26क) (त्यांची व्याख्या) ही तीन कलमं समोर ठेवून लिहा. 73 आणि 74, म्हणजे पंचायती आणि नगरपालिकांच्या दुरुस्त्या, यांच्यासाठी वेगळा आठवडा काढा, तो विषय एवढ्यात मावत नाही.