चित्रपट ऑनलाइन टाकण्याआधी हक्क कसे तपासावेत

चित्रपटाची डिस्क विकत घेतली की तुम्ही एका प्रतीचे मालक होता. ती प्रत पाहता येते, जपता येते, कोणाला भेट देता येते. तिच्यावरून दुसरी प्रत काढून इंटरनेटवर टाकायचा हक्क मात्र निर्मात्याकडे किंवा त्याने तो ज्याला विकला असेल त्याच्याकडेच राहतो. पैसे भरून डाउनलोड केलेल्या चित्रपटात तर याहूनही कमी मिळते. बहुतेक वेळा तो फक्त पाहण्याचा परवाना असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की फाइल टाकायची गरज आहे का? चित्रपट हक्कदाराने स्वतःच कुठे अधिकृतपणे ठेवला असेल, तर त्याचा दुवा पाठवा. मित्राला चित्रपट दिसतो, प्रेक्षकांची मोजणी योग्य ठिकाणी होते आणि तुमच्यावर काही येत नाही. टॉरेंटच्या बाबतीत हे लक्षात असू द्या, की फाइल उतरत असताना तिचे तुकडे तुमच्या संगणकावरून इतरांकडेही जात असतात. ‘मी फक्त डाउनलोड केले’ हे तिथे खरे ठरत नाही.

थर वेगळे करा

फाइल टाकायचीच असेल, तर कागद घ्या आणि चित्रपटात कोणाकोणाचे काम आहे ते लिहून काढा. मूळ कथा, पटकथा, संवाद, पार्श्वसंगीत, इतरांकडून घेतलेली जुनी दृश्ये, सबटायटल्स, डबिंग. गाण्यासाठी तीन ओळी लागतील, कारण शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क तीन वेगळ्या हातांत असू शकतात.

ही यादी का करायची, हे १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या अमेरिकी चित्रपटावरून कळते. तेव्हाच्या तिथल्या कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांनी नूतनीकरण करावा लागे. १९७४ मध्ये ते राहून गेले आणि चित्रपट कॉपीराइटमधून मोकळा झाला. टीव्ही वाहिन्या तो वर्षानुवर्षे फुकट दाखवत राहिल्या. पण तो ज्या कथेवर बेतला होता तिचे हक्क जिवंत होते. १९९० च्या दशकात कथा आणि संगीत यांच्या हक्कांच्या जोरावर एका कंपनीने प्रक्षेपण पुन्हा आपल्या ताब्यात घेतले. चित्रपट मोकळा, आतली कथा बांधलेली, असे होऊ शकते.

सबटायटल्सचेही तसेच. हौसेने रात्र रात्र बसून भाषांतर करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण भाषांतर करण्याचा हक्कही मूळ हक्कदाराचाच असतो. त्यामुळे सबटायटल्स तुम्ही केली म्हणून चित्रपट टाकण्याचा अधिकार मिळत नाही.

मुदत तपासा

‘जुना आहे, आता कोण विचारतो’ हा अंदाज धोक्याचा. मुदत देशागणिक बदलते. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे चालतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आणि हक्क टिकवून ठेवलेल्या चित्रपटांना ९५ वर्षे मिळतात. युरोपीय संघात मुख्य दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि चित्रपटासाठी संगीत रचणारा, या चौघांपैकी जो शेवटी जातो त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे मोजतात. एकच चित्रपट एका देशात मोकळा आणि दुसऱ्या देशात संरक्षित असू शकतो, आणि तुमचा व्हिडिओ तर सगळीकडे दिसतो. तेव्हा सोय असेल तिथे तो ठरावीक देशांपुरता मर्यादित करा.

कॉपीराइटची खूण दिसत नाही यावरूनही काही ठरवू नका. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांत हक्क कृती तयार होताच आपोआप मिळतो.

परवानगी कशी घ्यावी

पत्र लेखी असू द्या आणि त्यात नेमके लिहा : कोणता चित्रपट, कोणत्या संकेतस्थळावर, किती काळ, कोणत्या देशांत, जाहिराती लावणार की नाही, काटछाट करणार की नाही. ‘हो, चालेल’ असा फोनवरचा होकार उद्या दाखवता येत नाही. शिवाय होकार देणाऱ्याकडे ऑनलाइन हक्क आहेत का, हेही विचारा. दिग्दर्शकाकडे ते बहुधा नसतात.

काही चित्रपट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मिळतात, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायला निर्मात्याने सर्वांना आधीच परवानगी दिलेली असते. २००८ चा ‘बिग बक बनी’ हा अॅनिमेशनपट श्रेय देऊन कोणीही पुन्हा टाकू शकतो, व्यावसायिक वापरासाठीसुद्धा. पण परवान्यात ‘अव्यावसायिक’ अशी अट असेल, तर जाहिराती लावणे टाळा. ‘बदल नको’ असेल, तर संकलित केलेली आवृत्ती किंवा भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. परवान्याच्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवा.

परीक्षणासाठी किंवा अभ्यासासाठी छोटा तुकडा वापरण्याची मुभा अनेक देशांत आहे. तुकडा इतक्या सेकंदांचा असेल तर चालतो, असा सगळीकडे लागू होणारा नियम मात्र नाही. तुम्ही त्यावर काही बोलता आहात का, गरजेपुरतेच घेतले आहे का, मूळ चित्रपटाच्या कमाईला धक्का बसतो का, हे पाहिले जाते. ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ ही ओळ वर्णनात लिहिल्याने काहीही साध्य होत नाही. नफा कमावत नाही, हेही पुरेसे उत्तर नाही.

चित्रपट तुमचा स्वतःचा असेल तर

लेखक, संगीतकार, गायक, छायाचित्रणकार, प्रत्येकाशी काम सुरू होण्याआधी करारनामा करा आणि त्यात ‘ऑनलाइन प्रसारण’ हे शब्द असू द्या. मैत्रीत केलेल्या लघुपटांत इथेच गफलत होते, आणि चित्रपट गाजल्यावर मैत्रीही तुटते. ‘रॉयल्टी फ्री’ संगीत म्हणजे अटी नसलेले संगीत नव्हे, त्याचाही परवाना वाचावा लागतो. महोत्सवाला पाठवायचा असेल, तर आधी त्याची नियमावली पाहा. काही महोत्सव आधीच सर्वांसाठी खुला झालेला चित्रपट घेत नाहीत. बड्या व्हिडिओ संकेतस्थळांवर अपलोड केल्याने मालकी सहसा जात नाही, पण दाखवण्याचा व्यापक परवाना तुम्ही त्यांना देता.

दावा आला तर

घाबरून सगळे पुसू नका. यूट्यूबवर कंटेंट आयडी या, व्हिडिओ हक्कदारांच्या फाइलींशी ताडून पाहणाऱ्या यंत्रणेचा आपोआप आलेला दावा आणि कॉपीराइट स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात बहुधा जाहिरातीचे पैसे दुसरीकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक मात्र हक्कदाराने व्हिडिओ काढण्याची कायदेशीर मागणी केल्यावर लागतो, आणि ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतो. दाव्याला आक्षेप घेतल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. स्ट्राइकविरुद्धचे प्रतिउत्तर हा कायदेशीर दस्तऐवज असतो. त्यात तुमचे खरे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, ही माहिती समोरच्याकडे जाते आणि त्यानंतर समोरचा न्यायालयातही जाऊ शकतो. म्हणून परवानगीचे पत्र किंवा परवान्याची प्रत हातात असेल, तेव्हाच ते पाठवा.