मृगाआधी माळावरची तयारी

मृग लागला की बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात ट्रॅक्टर रुततो, पवनचक्कीचा खांब न्यायचा तर मेमध्येच. जागा ठरवताना आधी पश्चिम-नैर्ऋत्येला बघा, पावसाळी वारा तिकडूनच येतो. त्या अंगाला झाड किंवा गोठा असेल तर त्याच्या उंचीच्या साधारण वीसपट अंतरापर्यंत वारा गढूळ, म्हणजे झोतांचा आणि भोवऱ्यांचा (टर्ब्युलंट) असतो. आपल्याला तर हा गढूळपणा आणि त्याचा चक्कीच्या विजेवरचा परिणामच मोजायचा आहे, म्हणून एक पवनचक्की मोकळ्यावर आणि तशीच दुसरी मुद्दाम आडोशाला लावा.

वेगमापक पात्यांच्या मध्याइतक्या उंचीवर, वाऱ्याच्या अंगाला, व्यासाच्या अडीचपट अंतरावर हवा. 3 मीटर व्यासाला साडेसात मीटर. वाट्यांचा मापक झोताबरोबर चटकन पळतो, थांबताना रेंगाळतो, त्यामुळे गढूळ वाऱ्यात जरा जास्तच वेग दाखवतो. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी वेग मोजणारा) मापक मिळाला तर उत्तम. नोंद दर सेकंदाला, सरासरी एका मिनिटाची, आणि सरासरीबरोबर प्रमाण विचलनही (वेग सरासरीभोवती किती हलतो ते) साठवा. विचलन भागिले सरासरी म्हणजेच टर्ब्युलन्सची, गढूळपणाची तीव्रता. नुसती सरासरी घरी आणलीत तर फेरी फुकट. निम्मा वेळ 4 आणि निम्मा वेळ 8 मीटर प्रतिसेकंद वारा असेल तर सरासरी 6, तिचा घन 216. पण शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, आणि त्या दोन घनांची सरासरी 288 येते. एक तृतीयांश जादा! ती पात्यांना मिळते का, हाच तर प्रश्न. झोत येतो, शेपटी तोंड वळवेपर्यंत निघूनही जातो.

तापमापक आणि वायुदाबमापक विसरू नका. मोबाइलवरचा हवामानाचा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. आपण साडेसातशे मीटरवर आहोत, इथली हवा विरळ. हिशेबात हवेच्या घनतेचा पुस्तकातला आकडा, 1.225 किलो प्रति घनमीटर, घातलात तर पवनचक्की उगीचच आळशी ठरेल.

बॅटरी भरली की कंट्रोलर चक्की रोखतो आणि वाऱ्याच्या वेगाला किती वीज हे दाखवणारा वक्र मध्येच कोसळतो, तेव्हा जादा वीज जाळायला हीटरची कॉइल जोडा. लॉगरची (नोंद ठेवणाऱ्या यंत्रांची) घड्याळं जुळवा. गेल्या वर्षी आमची सात मिनिटांनी चुकली होती, आठवडाभराची आकडेवारी मातीत गेली.

वळवाच्या विजा कडाडत असताना खांबाला हात नको. ब्रेकचा स्विच खालीच, हाताशी ठेवा. ताणाच्या तारांना लाल फडकी बांधा आणि शेताच्या मालकांना दाखवून ठेवा, त्यांची म्हैस संध्याकाळी त्याच वाटेने परतते.