गणपतीचं सामायिक कॅलेंडर: आमंत्रितांना बदलाची मुभा देताना या चुका टाळा

भाद्रपद जवळ आला की वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते: आज भजन कोणाकडे, किती वाजता? मुंबईचे चाकरमानी, गावातली मंडळी, दुबईतला भाऊ, सगळ्यांना एकच वेळापत्रक दिसावं म्हणून गूगल कॅलेंडर फार सोयीचं. घोळ होतो तो बदलाचा हक्क कोणाला आणि किती द्यायचा यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संपूर्ण कॅलेंडर शेअर करणं आणि एका कार्यक्रमाला कोणाला आमंत्रित करणं, या दोन गोष्टी एकच समजणं. कॅलेंडर शेअर करताना 'मेक चेंजेस टू इव्हेंट्स' दिलंत, तर त्या माणसाला त्यातली प्रत्येक नोंद बदलता येते, पुसताही येते. एखाद्याला फक्त आपल्या घरच्या भजनाची वेळ पुढेमागे करायची असेल, तर त्याला तेवढ्याच नोंदीत आमंत्रित करा आणि तिथे 'मॉडिफाय इव्हेंट'वर टिक करा. ही टिक आपोआप लागलेली नसते.

ती नसली की वेगळीच गंमत होते. आमंत्रित माणूस वेळ बदलतो, त्याच्या फोनवर ती बदललेली दिसते, पण बाकी कोणाच्याच कॅलेंडरात काही हलत नाही. मग मंडळी सातला येऊन बसतात आणि यजमान म्हणतो, "मी तर नऊ केलेले!" दोघंही खरंच बोलत असतात. असं झालं की भांडू नका, आधी ती टिक तपासा.

'मेक चेंजेस अँड मॅनेज शेअरिंग' मात्र वाडीतल्या दोघांपलीकडे देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हा हक्क मिळालेला माणूस पुढे आणखी कोणालाही आत घेऊ शकतो. एकालाच देणंही बरं नाही. ऐन चतुर्थीला त्याच्या फोनला रेंज नसली तर काय कराल?

दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथून भावाने सात वाजताची आरती तिथल्या टाइम झोनमध्ये टाकली, तर गावात ती साडेआठला दिसेल. नोंद करताना टाइम झोन भारताचा निवडायला त्याला सांगा.

तिथीच्या सणांना 'दरवर्षी' रिपीट लावू नका. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर देवीचा कौल घेऊनच ठरते. रोजच्या आरतीला रिपीट चालेल, पण एका दिवसाची वेळ बदलताना 'ऑल इव्हेंट्स' निवडलं की सगळ्या दिवसांची वेळ बदलते. तिथे 'धिस इव्हेंट' निवडायचं.

नोंदच गायब झाली असेल, तर घाईने पुन्हा भरू नका, नाहीतर एकाच भजनाच्या दोन नोंदी होतील. कॉम्प्युटरवर कॅलेंडरची 'ट्रॅश' उघडा. पुसलेल्या नोंदी तिथे साधारण 30 दिवस राहतात आणि बदलाचा हक्क असलेल्याला त्या परत आणता येतात.