जुनी फियाट दुरुस्त करून पुन्हा उभी करताय? या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एखाद्या गोठ्याशेजारी पेंढ्याखाली वर्षानुवर्षं उभी असलेली फियाट पद्मिनी दिसली की हात शिवशिवतात. भाव भंगाराचा, म्हणून तिथल्या तिथे इसार दिला जातो. पहिली चूक तीच. आधी कागद बघा. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर जुळायलाच हवा. गंजलेला नंबर नुसत्या डोळ्यांनी वाचू नका. वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, आकडे उठून येतात. आपल्याकडे कोल्हापूर, गडहिंग्लजकडच्या एमएच-०९ पाटीच्या गाड्याही विकायला येतात. तिकडच्या आरटीओची एनओसी आणि कर्नाटकाचा टॅक्स हे दोन्ही खर्च पहिल्याच दिवशी वहीत मांडा.

गाडी ५० वर्षांपुढची असेल तर २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी करता येते. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. शनिवारच्या बाजाराला गाडी न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती रंगाची घाई. पद्मिनीला खाली वेगळी चेसिस, म्हणजे सांगाडा नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. म्हणून दाराखालच्या पट्ट्या आणि पायाखालचा पत्रा कुजला असेल तर वरची चकाकी काही कामाची नाही. खिशात चुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. जॅकने एक बाजू जरा उचला आणि त्या बाजूचं दार उघडून मिटा. दार अडकायला लागलं तर बॉडी वाकतेय. मी माझ्या गाडीला आधी रंग दिला आणि मग खालच्या पट्ट्या बदलायला काढल्या. वेल्डिंगच्या धगीने दारांखालचा नवा रंग फोडासारखा उठला. तो खर्च मला दोनदा करावा लागला, तुम्ही करू नका. टिंकरिंग, म्हणजे पत्र्याचं काम, पुरं होईपर्यंत पेंटरला बोलावूच नका.

इंजिन जाम आहे म्हणून लगेच खोलायचंही नाही आणि बॅटरी लावून स्टार्टरही मारायचा नाही. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल मिसळलेलं इंजिन ऑइल सोडा आणि तीन-चार दिवस तसंच राहू द्या. मग टॉप गिअर टाकून दोघांनी गाडी हळूहळू पुढे-मागे ढकलावी. १०८९ सीसीचं हे साधं इंजिन पुष्कळदा एवढ्यावर सुटतं. नाहीच सुटलं तर सिलिंडरचं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करायला बेळगावातली उद्यमबाग औद्योगिक वसाहत आहेच. अशा कामासाठी आपल्याला पुण्या-मुंबईला धावावं लागत नाही, हे आपलं भाग्य.

जे खोलाल त्याचा आधी फोटो काढा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

गाडी सुरू झाली की थेट रस्त्यावर काढू नका. जुन्या पद्मिनीत ब्रेकची एकच लाइन चारही चाकांना जाते. एका व्हील सिलिंडरचं, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचं, रबर गळलं तर पेडल सरळ जमिनीला टेकतं. पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि रबरी होज बदलूनच चाक फिरवा. इथे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगतो.

पेट्रोलची नळीही बदला. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बनणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. जुनं रबर आणि गाडीतल्या फ्युएल पंपाचा पडदा त्याने फुगतो, मऊ पडतो. नळीला तडा गेला की पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं.

शेवटची चूक आपल्या पावसाशी बांधलेली. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारून गाडी पावसाळाभर ठेवतात. साधा प्रायमर ओल शोषतो, आणि गणपतीपर्यंत खालून गंज फुटतो. मृगाच्या आत रंगासकट पुरा होईल तेवढाच पत्रा उघडा करा. उरलेल्याला दिवाळीनंतर हात घाला.